घरातल्या घरात फोन

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद झाला. शेळ्यामेंढ्यांमागं जन्म गेलेला माणूस. बांधावरून हाळी दिली की ओढ्यापलीकडचं जनावर मान वर करायचं. आता त्यांचा डावा हात तेवढा चालत होता. युसूफ वडगाव या गावच्या शिवारातलं आमचं घर लांबलचक आहे. पुढं दादांची खोली, पार मागं स्वयंपाकघर, त्याच्याही पलीकडं गोठा. काही हवं असलं की दादा बाजेवर तांब्या आपटायचे, आणि गोठ्यात असलेल्या मायला ते ऐकू जायचं नाही. एकदा ती धार काढून आली तर दादा ओल्या अंथरुणात पडून रडत होते. मायनं हे मला माजलगावला फोन करून सांगितलं. दादा रडतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. घरातल्या घरात फोन बसवायचे, असं मी त्याच दिवशी ठरवलं आणि घरी आले.

"घंटी लाव की एखादी," माय म्हणाली. "फोन कावून? त्यांला बोलता येतंय का?"

मला राग आला. घंटी म्हणजे नुसतं बोलावणं. दादांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं, आणि दिवसभर त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

"तू बोल की त्यांच्याशी," मी म्हणाले.

"आमी काय बोलावं फोनवर," असं म्हणून ती शेणाची पाटी घेऊन निघून गेली. लग्नापासून एकाच घरात राहिलेली ही दोघं. एकमेकांना फोन करायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

मोबाइलचा उपयोग नव्हता, काचेवरून दादांचं बोट घसरायचं. मी बीडच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं मला आधी आतले फोन जोडणारी, ऑफिसात असते तसली भलीमोठी पेटी दाखवली. मी घरासाठी म्हटल्यावर विचारतो, "ताई, लॉज काढताय का?" मग लहान पेटी निघाली. बाहेरची एक लाइन, आत चार फोन, आणि घरच्या माणसाला स्वतः जोडता येईल अशी. त्यातही दोन-तीन प्रकार होते. मी एकच प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं, नंबर न दाबता वाजेल का? एका पेटीत ती सोय होती. दादांनी रिसीव्हर उचलला की स्वयंपाकघरात आणि गोठ्यात एकदम रिंग, आणि तिकडं कुणी घेईपर्यंत किंवा इकडं खाली ठेवेपर्यंत ती वाजत राहणार. लाइट गेली तर बॅटरी होती. मी तीच घेतली.

वायर मीच ओढली. माय खालून स्टूल धरून "पडशील, बाई" एवढंच म्हणत होती. हे बाईमाणसाचं काम नाही असं सांगायला शेजारच्या शेतातले एक जण मुद्दाम आले. त्यांच्या हातात मी पक्कड दिली आणि संध्याकाळपर्यंत त्यांना सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला फोन एकदा वाजला आणि थांबला. वायर सुटली असं समजून मी धावत सुटले, तर मागून मायचं हसू ऐकू आलं.

"मिसकॉल हाय त्यो," ती म्हणाली. "बरं हाय म्हनतेत."

आमच्याकडं कुणी परगावी गेलं की पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि कट करायचं. सुखरूप आहे, उचलू नका, असा त्याचा अर्थ. दादा बाजारला मेंढरं घेऊन जायचे तेव्हा हेच करायचे. आता बाजेवर पडूनही त्यांनी ते सुरू केलं. जास्त वेळ वाजला तर ये, एकदाच वाजला तर ठीक आहे. पेटी निवडायला मी जिवाचा आटापिटा केला आणि ती वापरायची रीत या दोघांनी मला न विचारता ठरवून टाकली.

मायही बोलायला लागली. एकदा गोठ्यातला रिसीव्हर मी सहज उचलला तर ती स्वयंपाकघरातून दादांना सांगत होती की म्हैस आज लई खोड्या करतीय, अन् तुमी असता तर तिला वठणीवर आणली असती. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी हळूच रिसीव्हर ठेवला. त्या वेळी मला फार आनंद झाला होता, आणि आज तेच आठवून जास्त त्रास होतो.

दादा गेले ते सकाळी, माय भाकरी थापत असताना. फोन एकदा वाजला आणि थांबला. बरं आहे म्हणतात, असं समजून तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. सगळ्या भाकरी उरकून ताट घेऊन गेली तेव्हा दादांच्या अंगात काही उरलं नव्हतं. रिसीव्हर त्यांनी जागच्या जागी परत ठेवला होता.

तेरावं होईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. जेवायची नाही, त्या फोनकडं बघत बसायची. ती कशात अडकली होती हे मला कळत होतं. एक रिंग झाल्यावर आपण उठलो असतो तर. तिचं असं झुरणं मला बघवेना. ती माझ्यावर चिडलेली परवडली असती.

"माय, माझीच वायर ढिली असणार," मी म्हणाले. "दादांनी बराच वेळ धरला असेल, तुझ्याकडं एकदाच वाजलं. चूक माझी आहे." हे धादांत खोटं होतं. वायर मी तपासली होती.

माय फोनसमोरून उठून माझ्याजवळ येऊन बसली.

"मी बगितलंय वाजवून," ती म्हणाली. "त्यांच्या बाजेवर बसून. उचलून धरला की घरभर वाजत ऱ्हातंय. तुझं काम चांगलं हाय, बाई."

मग तिनं माझा हात हातात घेतला.

"एका रिंगला मी उठत न्हाई, हे त्यांला ठाव व्हतं. तरी एकच दिली."