मावशीचा अंगठा

आमच्या हायस्कूलच्या फाटकावर दर जूनमध्ये रंगीत खडूने लिहिलेला फळा लागायचा : यंदाही दहावीला एकही नापास नाही. येणारे-जाणारे कौतुकाने थांबून वाचायचे. नापास कसं कोणी होत नाही, ते मला विचारा. जो नापास होईलसं वाटे, त्याला दहावीच्या परीक्षेपर्यंत ठेवतच नसत.

मी त्यातलाच. खाली कोकणात आमच्या गावाला शाळा सातवीपर्यंत, म्हणून आईने मला जासईला मावशीकडे धाडलं. मावशी मिठागरात कामाला. मिठाने तळपायांना चिरा पडलेल्या, तरी पहाटे उठून माझा डबा करायची. तिचे उपकार फिटायचे नाहीत. तालुक्याच्या गावातलं ते जुनं दगडी हायस्कूल. जासईहून एसटीने जायचो. बीजगणित कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं. नववीतून जेमतेम वर गेलो. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा क्लार्क म्हणाले, "उद्या पालकांना घेऊन ये. सही लागते."

मावशीने ठेवणीतलं लुगडं काढलं. सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडीही बांधली. "आपल्या पोराचा फॉर्म भरतात, रिकाम्या हातानं कसं जावाचं?"

ऑफिसात हेडमास्तर मला म्हणाले, "तू बाहेर थांब."

दारातून दिसत होतं. मावशीने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला, दोघांना नमस्कार केला. क्लार्कनी पुडी ड्रॉवरमध्ये सारली. बाहेर येऊन तिने मला निळा अंगठा दाखवला. "झालं तुजं काम! आता नीट अभ्यास कर."

आठवड्याने माझ्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडला. कारण : पालकांचा विनंती अर्ज.

म्हणजे तो फॉर्म नव्हताच. आम्हा दोघांत वाचता येत होतं ते मला, आणि बाहेर उभं केलं तेही मलाच. आज इतक्या वर्षांनीही डोकं तापतं. नापास झालो असतो तर झालो असतो! पण पेपर तरी माझा असता.

मावशीला दाखला वाचून दाखवला. "मी कवा विनंती केली?" तिने तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती हेडमास्तरांपुढे उभी राहिली.

"माजा आंगठा माघारी द्या."

"बाई, अंगठा कुठे परत देता येतो? तुम्हीच दिलात ना, खुशीने?"

क्लार्क हसले. मावशी त्यांच्याकडे वळली. "सोडे पन खुशीनंच दिलं व्हतं. गोड लागलं का?"

क्लार्कनी मान खाली घातली. अर्ज मात्र फाइलीतच राहिला. त्या जूनमध्ये फळाही लागला, तसाच.

मी कृतघ्न नाही. हे चार शब्द लिहितोय ते त्याच शाळेने गिरवून घेतलेल्या अक्षरात. त्याच अक्षरावर पुढे वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर चिकटलो. तिथे हमालांचे अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कागद आला की मी आधी शब्दन् शब्द मोठ्याने वाचतो, समजलं का विचारतो, धीर होत नाही म्हणून पुन्हा वाचतो. मगच पॅड पुढे करतो.

शेठ वैतागतात. "अरे, किती टाइम खोटी करतोस?"

करतो.