काकूच्या मासवड्या टेस्टियर

"काकूच्या मासवड्या टेस्टियर असतात," सुट्टीला पुण्याच्या हॉस्टेलवरून आलेली माझी लेक जेवता जेवता म्हणाली. तोंडात माझीच मासवडी होती. काकू म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राहुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यांचं माहेर पारनेरकडचं, मासवड्यांच्या मुलखातलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवते. ती नुसतं टेस्टी म्हणाली असती तर सोडून दिलं असतं. पण टेस्टियर म्हणजे दोघींना शेजारी बसवायचं आणि एकीला उठवायचं. मराठीत तिला निदान 'तुझ्यापेक्षा' असं तोंडावर म्हणावं लागलं असतं.

दुपारी डिक्शनरी उघडली. शब्दातच काही खोट सापडली तर बरं, असं मनात असावं. सापडलं भलतंच. टेस्ट हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ हात लावणं, चाचपून पाहणं असाही होता. पुढे जिभेची चव तेवढी उरली.

मासवडीचं बेसन शिजलं की ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापावं लागतं, मग तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं. मी ते उलथन्याने पसरते. जाऊबाई पाण्यात हात बुडवून थेट तळव्याने थापतात. कुठं जाड राहिलं, कुठं फाटतंय, हे त्यांच्या बोटांना कळतं. म्हणजे डिक्शनरीसुद्धा त्यांनाच फितूर! मी ती धाडकन मिटली.

दुसऱ्या दिवशी लेक परत निघणार होती. डब्यासाठी सकाळी पुन्हा बेसन शिजवलं, उलथनं बाजूला सारलं आणि हातानं थापलं. डोळ्यांत पाणी आलं, पण वडी पातळ उतरली. लेकीनं एक खाल्ली, लगेच दुसरी उचलली.

"मम्मी, आज भारी झाल्यात," म्हणाली आणि बस कुठे आली ते मोबाईलवर बघू लागली. मी मनातल्या मनात भिंतीपलीकडे वाकुल्या दाखवल्या.

तेवढ्यात जाऊबाईच तिला निरोप द्यायला आल्या. डब्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आगं, हात पोळला व्हय? लई लाल झालाय की," म्हणत त्यांनी माझा तळवा हातात धरला आणि फुंकर घालू लागल्या.

लेकीच्या आधी ते त्यांना दिसलं, याचाही मला राग आला.