एका घरात दोन मंगल

लोणी गाव सोडलं त्या दिवशी मंचरच्या जीपवाल्याने माझ्या बॅगेचं वेगळं भाडं मागितलं. परदेशाला निघालेला माणूस घासाघीस करणार नाही, असं त्याला वाटलं असावं. मी बॅग टपावरून खाली घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "आता माग हिचं भाडं." आई पदराने डोळे पुसत होती, बायको रेश्मा दारात उभी होती, थोरला भाऊ पांडुरंग बैलाच्या पाठीवर हात ठेवून बघत होता, आणि मी जीपवाल्याशी भांडत होतो. गाव सोडताना माणसाचे डोळे भरून येतात म्हणे. माझं डोकं तापलं होतं.

निरोपाला अर्धी आळी लोटली होती. त्यातल्या निम्म्यांनी मी नारायणगावात ट्रॉल्या वेल्डिंग करायचो तेव्हा मला कधी चहा विचारला नव्हता. आता "दत्ताभाऊ, आमच्या पोराचं बी बघा तिकडं" म्हणत माझ्या खिशात पासपोर्ट साईजचे फोटो कोंबत होते. नारायणगावातून भोसरी, भोसरीतून कॅनडा; यातली एकही पायरी कुणी मला चढवून दिलेली नाही. तेलाच्या धंद्यात तेजी होती, त्यांना वेल्डर कमी पडत होते, मी चाचणीत पास झालो. दोन वर्षांचं वर्क परमिट मिळालं. एवढंच.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं नाव गेलं. पासपोर्टवर माझ्या नावामागे वडिलांचं नाव, आपल्याकडे असतं तसं. फोरमनला दत्तात्रय म्हणता येईना, त्याने पुढचा शब्द उचलला. दिवसभर साईटवर "किसन, किसन" अशा हाका. माझे वडील तालुक्याबाहेर फारसे गेले नाहीत. मेल्यानंतर त्यांना उणे तीस अंशांत पाईपलाईनवर हजेरी लावावी लागली. ते म्हणायचे, "सही म्हंजी थुकी. टाकली की परत गिळता येत न्हाई." त्यांनी जन्मभर अंगठाच उठवला. त्यांना बोलायला सोपं होतं.

मी हे लिहितोय ते तुम्हा दोघांसाठी: जे तिथेच राहिले आणि अजून फोनवर "मज्जा हाय राव तुझी" म्हणतात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडून कागदांखाली दबले त्यांच्यासाठी. डोळ्यांत पाणी आणायचं असेल तर दुसरं काही वाचा.

रेश्माला बोलावण्याचा हक्क मला परमिटनेच दिला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि नवरा समुद्रापार गेलेल्या बाईबद्दल आपली आळी काय बोलते हे मला कुणी सांगायला नको. मी पुण्यातला एक सल्लागार धरला. गुळगुळीत दाढी, भिंतीवर मोठा नकाशा, सगळे त्याला 'सर' म्हणत. मी त्याच्याशी फोनवर तासभर घासाघीस केली आणि रेशनकार्डाचं इंग्रजी भाषांतर फुकट पदरात पाडून घेतलं. रेशनकार्ड व्हिसाच्या कचेरीने मागितलंच नव्हतं. पण सर म्हणाले, "पुरावे जितके जास्त तितकी फाईल जड." मला ते पटलं. बाजारात वजनावरच सगळं विकलं जातं, अशी माझी बुद्धी.

दोन महिन्यांनी नकार आला. पत्रात तीन ओळी होत्या. चौथ्यांदा वाचल्यावर कळलं की अधिकाऱ्याच्या मते मी माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला स्वतःची बायको म्हणून आणू बघत होतो.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण ही चूक आपणच करू शकतो, जगात दुसरं कोणी नाही.

माझ्या बायकोचं माहेरचं नाव मंगल. पण आमच्या घरात एक मंगल आधीच होती, पांडुरंगदादाची बायको, माझी वहिनी. एका घरात दोन मंगल कशा चालतील? आईने हाक मारली तर कोण येणार? म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, आणि मी अंगठीने त्यात लिहिलं, 'रेश्मा'. हे नाव आत्याने सुचवलं होतं, तिने ते टीव्हीवर ऐकलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले, नाव बदललं. कुठल्या कचेरीला कळवायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मंगलला तर कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

मग पासपोर्ट निघाला तो शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे मंगल. लग्नपत्रिकेवर आणि ग्रामपंचायतीतल्या लग्नाच्या नोंदीत, आम्हीच सांगितलं तसं, रेश्मा. आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख पांडुरंग. त्याखाली 'मंगल – पत्नी', आणि तीन ओळी खाली 'रेश्मा – भावजय'. सरांच्या फुकट भाषांतरात हे सगळं इंग्रजीत टाईप होऊन शिक्क्यासह गेलं. अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला: मंगल. कार्ड बघितलं: मंगल ही पांडुरंगची पत्नी. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. त्याचा मला राग नाही. राग सरांचा. फोन केला तर म्हणाले, "तुमच्यात नावं बदलतात हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." तुमच्यात! हा माणूस सदाशिव पेठेत वाढलेला, ह्याच्या आईचं, बहिणीचं, बायकोचं नाव लग्नात असंच बदललेलं असणार. मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

फाईल मी स्वतःच बांधायला घेतली. दुसऱ्यांदा नकार आला तर तिसऱ्यांदा कोण वाचतो? परमिटचे चौदा महिने उरले होते. दोन प्रतिज्ञापत्रं लागणार होती. एक बायकोचं, की मंगल आणि रेश्मा ही मी एकच. दुसरं वहिनीचं, की मी पांडुरंगची बायको मंगल, आणि दत्तात्रयची बायको मंगल ही माझ्याहून वेगळी. पहिलं सोपं होतं. दुसऱ्यासाठी मी फोनकार्ड खरवडलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, वहिनीला घेऊन घोडेगावला जा. वकिलापुढं एक सही हाये."

"कसली सही?"

"की ती तुजी बायको हाये."

"आन हे कागदावर लिवून द्यायचं? गावाला म्हाईत न्हाई व्हय?"

"गावाला म्हाईत हाये. साहेबाला न्हाई."

"मंग साहेबाला गावात आन." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग म्हणाला, "माजी बायको कचेरीची पायरी चढायची न्हाई, दत्ता. लोकं काय म्हनतील?"

मी विनवण्या केल्या. मी, दत्तात्रय किसन, ज्याने उभ्या जन्मात टपरीवाल्यापुढेही मान खाली घातली नाही.  कार्डावरची मिनिटं संपत आली तेव्हा तो म्हणाला, "विहिरीवरची तुजी पाळी तशी पडूनच हाये की. तीन दिस पानी नुसतं तळाला. तू लेखी दिलंस तर बघतो."

आमच्या दोघांत एक विहीर. आठवड्यातले चार दिवस त्याचे, तीन माझे. माझं सगळं गणित त्या तीन दिवसांवर उभं होतं. परमिट वाढवून घेत पाच वर्षं इथे राबायचं, परत जायचं, माझ्या वाट्याच्या रानात द्राक्षाची बाग लावायची. मांडव कसा घालायचा, ठिबकची नळी कुठून न्यायची, सगळं मी शिफ्टवर वेल्डिंगच्या काचेआडून बघत असे. पाण्याशिवाय ते रान म्हणजे उन्हात टाकलेली गोणपाटं.

आणि हा माझा भाऊ! नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवायचा आणि व्यापारी बोलेल त्या भावाला मान हलवून परत यायचा. "लई गर्दी व्हती" म्हणायचा. त्याच्याऐवजी भांडायला मी जात असे. जन्मात कधी घासाघीस न केलेल्या माणसाने पहिली घासाघीस केली ती माझ्याशी, आणि मी सात समुद्रांपलीकडे, हातात संपत आलेलं फोनकार्ड धरून.

दिलं लेखी. एक दिवसाची मजुरी बुडवून वकिलातीच्या माणसापुढे सही केली, कुरियरने पाठवलं. सही करताना वडिलांचं वाक्य आठवलं, आणि त्यांचाही राग आला. ते पोचल्यावर आठवडाभरात वहिनीचं प्रतिज्ञापत्र आलं. मी नवीन फाईल बांधली, वर एक साधं पत्र लिहिलं: आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, का बदलतात, आमच्या घरात का बदललं. सरांना जे सुचलं नाही ते सातवीपर्यंत वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने दीड पानात लिहिलं. व्हिसा आला.

विमानतळावरून मी तिला मित्राचा ट्रक घेऊन आणायला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ होतं. बराच वेळ ती काचेबाहेर बघत होती. मी दादाला शिव्या देत होतो. पाणी गेलं, बाग गेली, सख्ख्या भावाने गळा धरला, वगैरे.

"आक्कांनी सही कवाच केली व्हती," ती म्हणाली. थोरल्या जावेला ती आक्का म्हणते.

"कवाच म्हंजी?"

"तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिशी. दादांना सांगितलं, दवाखान्यात जातो. जीपनं गेलो दोघी घोडेगावला. आक्का म्हनल्या, माज्या नावापायी तुजं नाव गेलं, चल."

मी ट्रक बाजूला घेतला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

"मंग तो कागद?"

"माज्या पेटीत व्हता. तुमचं लेखी येस्तवर. मंग दादांनी आक्कांना नेलं, त्यांनी परत सही केली. दादांना अजून म्हाईत न्हाई."

"तीन आठवडे दाबून ठेवला? आन मी हितं पाणी देऊन बसलो! फोनवर सांगता येत न्हवतं?"

"येत व्हतं."

"मंग?"

ती माझ्याकडे वळली. "तुमाला परत जायचं व्हतं, बाग लावाया. मला न्हवतं जायचं. तुमी कवा इचारलं न्हाई." मग म्हणाली, "आन आता रेश्मा म्हनू नका. पासपोर्टावर काय हाये ते म्हना."

मी त्या रस्त्याच्या कडेला जे बोललो त्याची मला लाज वाटत नाही. अजूनही वाटत नाही. आयुष्यभर मी बाजारात ज्यांच्याशी झगडलो त्यांत एकही मला असा उताणा पाडू शकला नव्हता, आणि पाडलं ते माझ्याच घरच्यांनी. भावाला वाटतं त्याने मला हरवलं. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नाही की दोन मंगलनी मिळून आम्हा दोघांनाही बाजार दाखवला. वहिनीचं मन मोठं, हे मी मानतो. पण मन मोठं करता करता तिच्या घरात चार दिवसांचं पाणी सात दिवसांचं झालं, हेही मला मोजता येतं.

नकारानंतर मी स्वतः फाईल बांधून व्हिसा मिळवला ही गोष्ट पसरली तशी माझ्याकडे माणसं यायला लागली. रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये रांग लागते. वेल्डर, फिटर, हॉटेलात भांडी घासणारे, सगळे परमिटवाले, सगळ्यांच्या बायका मागे. एकाच्या बायकोची जन्मतारीख शाळेत एक जून, कारण मास्तरने सगळ्या वर्गाची तीच लिहिली. एकाने विवाहित लिहिलंय आणि बायकोच्या पासपोर्टवर अजून बापाचं नाव. मी प्रत्येकावर ओरडतो. बाजारात पाच-पाच व्यापाऱ्यांना पुरून उरणारी माणसं कागद बघताच वासरासारखी उभी राहतात; दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर न वाचता सही करतात. आपला कोणी मराठी आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: "लग्नात नाव बदललंय का? आणि त्या नावाची घरात दुसरी कोण आहे?" नवरे गोंधळतात. मग मी म्हणतो, बायकोला फोन लाव, तिला विचार. बऱ्याच जणांनी तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारलेलं असतं.

दादाचा फोन सणासुदीला येतो. "कवा येताय?" विचारतो. "कशाला, तान्हेलं मरायला?" मी म्हणतो. तो हसतो, त्याला वाटतं मी थट्टा करतोय. आई गेली तेव्हा मी जाऊन आलो. माझं रान बघितलं. दादाने त्यात काही लावलं नव्हतं. म्हणाला, "तुजं हाये ते, मी कसं लावू?" पाणी घेतलं आणि रान सोडलं! असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तशाच ढेकळांत उभं राहून मी त्याला मूर्ख म्हणालो आणि परत आलो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही इथे कायम राहण्याचा अर्ज भरला. जेवणाच्या टेबलावर दोघे बसलो, ती तिचा भरत होती, मी माझा. तिच्या फॉर्मात एक रकाना होता, पूर्वी वापरलेली इतर नावं. तिने एकेक अक्षर गिरवून 'रेश्मा' लिहिलं. विचारलं, "कधीपासून कधीपर्यंत, असं इचारलंय."  तिनेच दोन्ही तारखा घातल्या, एक लग्नाची, एक विमानातून उतरल्याची. तारखा तिला तोंडपाठ होत्या.

मी माझ्या पानावर खाली आलो. घरचा पत्ता. हाताने आपोआप लिहिलं: मु. पो. लोणी, ता. आंबेगाव. लिहून झाल्यावरच कळलं. मंगलने वाकून बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या हातातून ते पान काढून घेतलं आणि ढिगातलं एक कोरं पान माझ्यासमोर ठेवलं. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.