कोळशानं धरलेला वास

माझी बायको शेवंता गेली तेव्हा मी कंग्राळीत घरीच होतो. बेळगावच्या दवाखान्यातनं थोरल्याचा फोन आला. ‘आप्पा...’ एवढंच म्हणाला. आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसलो होतो, तर माझी बाही ओढून हुंगली आणि म्हणाली, ‘कारखाना सोडून इतकी वरसं झाली, अजून तुमचा वास जाईना बघा.’ तेच शेवटचं बोलणं.

तो वास शाईचा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई करणाऱ्या कारखान्यात मी होतो. शाई वाळताना डोकं फिरवणारा भपकारा उठायचा. तो तसाच धुराड्यातनं गावावर सोडायचा नाही म्हणून मोठ्या टाक्या बसवल्या होत्या, करवंटीच्या कोळशानं भरलेल्या. चुलीतला साधा कोळसा नव्हे. याच्या दाण्यादाण्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं. भपकारा त्यातनं गेला की वास आत अडकायचा, वर स्वच्छ हवा. त्या टाक्या माझ्या ताब्यात. शाळा चौथीत सोडली, पण त्या कोळशाचा मला लई ताठा.

शेवंता निपाणीकडच्या बोरगावची, तंबाखूत वाढलेली, नाकाची तिखट. मी उंबऱ्यावर आलो की भाकरी थापता थापता म्हणायची, ‘आज तुमच्या कोळशाचं पोट भरलंय. वाफ द्या जावा त्याला.’ खरंच, भोकं भरली की वास बाहेर सुटायचा, मग टाकीत पाण्याची वाफ सोडली की कोळसा धरलेलं सगळं सोडून द्यायचा आणि परत कामाला तयार... पण ऐकून कसं घ्यायचं? मी म्हणायचो, ‘तू तुझी मिश्री सांभाळ गं, तंबाखू भाजायला घेतलीस की सगळी गल्ली शिंकतीया.’

‘शिंकू द्या. माझ्या मिश्रीचा वास तुमच्या कोळशाच्या बापाच्यानं न्हाय जायचा!’

ती गेल्यावर तिची इरकली लुगडी ट्रंकेत तशीच होती. झाकण उघडलं की ती यायची. भाजलेली मिश्री, खोबरेल, चुलीचा धूर... मी रोज उघडायचो. पण आमच्याकडच्या पावसात ट्रंकेला कुबट वास धरला. कारखाना सोडताना मागून आणलेला डबाभर कोळसा घरात होता. फडक्यात बांधून पुरचुंडी केली. सून म्हणाली, ‘आप्पा, आत्तींच्या लुगड्यांत नको ओ ते.’

‘मला कोळसा शिकवू नगस,’ म्हणालो आणि ठेवली.

काही दिवसांनी झाकण उघडलं... कुबट वास गेला होता. तीही गेली होती. नुसतं कापड उरलं होतं. कुठला वास काढायचा अन् कुठला ठेवायचा, कोळशाला काय कळतंय?

‘टाकू का ती पुरचुंडी?’ सुनेनं हळूच विचारलं. मी तिच्या हातातनं घेतली. कोळसा वास मारत नाही, धरून ठेवतो. वाफ दिली तर सोडेलही, पण सोडलेला वास एकदाच येणार आणि हवेत जाणार. तेवढा धीर मला होत नाही. पुरचुंडी उशीखाली ठेवली आहे. नाकाला लावली तर काहीच येत नाही... पण ती आत आहे.