दगडातली घार

वेरूळच्या रस्त्यालगतच्या ओढ्यातून मी एक चपटा काळा दगड उचलून आणला, तेव्हा मनात एवढंच कुतूहल होतं, की आपण लिहिलेल्या तीन ओळी दगडावर कशा दिसतील? त्या दगडानं काही दाद दिली नाही. छिन्नी नुसती घसरायची. मग पुंडलिकनगरात आमच्या शेजारी फरशीचं काम चाललं होतं, तिथून शहाबादीचे उरलेले तुकडे मागून आणले. ते मऊ निघाले.

सुटीच्या दिवशी मी ओट्यावर कोरत बसायची. वडील शेजारी खुर्चीत. सोयगावच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केलेली. पुढं काचबिंदूनं दृष्टी गेली आणि ते माझ्याकडं राहायला आले. ठकठक थांबली, की विचारायचे, "आता कुठलं अक्षर?"

पहिली कविता पुरी झाली तशी मी फरशी धुऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. हात लावून बघतील, एवढीच माझी अपेक्षा. त्यांनी मात्र बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं आणि हळूहळू पुढं सरकवलं. 'पत्र्याच्या'पाशी ते बराच वेळ अडलं, मग सुटलं.

"पत्र्याच्या भोकातून, घरात उतरली, उन्हाची घार," ते म्हणाले. "लई भारी लिहिलंस गं!"

"घार नाय अण्णा, धार. उन्हाची धार."

"मग 'ध'चं डोकं उघडं पायजे. इथं रेघ सलग गेलीय. बघ हात लावून."

मी डोळे मिटून बोट फिरवलं. छिन्नी तिथं घसरली होती खरी. घारच होती.

"दुसरी फरशी घेऊन नीट करते."

"कशाला? सोयगावच्या घरी पत्र्यातून ऊन पडायचं, ते भिंतीवरून कसं सरकत जायचं, आठवतंय ना? घारीसारखंच की."

मी ती तशीच ठेवली. माझ्या कवितेपेक्षा ती चांगली झाली होती. त्यानंतर कोरताना मीही मधूनमधून डोळे मिटून अक्षरं चाचपू लागले.

काही आठवड्यांनी चहा पिता पिता ते एकदम म्हणाले, "माझं एक कोरशील?"

जन्मभर त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले होते. कविता कधीच नाही. मी पेन्सिल घेतली. ते थोडे लाजले, मग एकेक शब्द सावकाश सांगितला:

पेरू पिकला,
हे आज घरात
मला आधी कळलं.

कोरून झाल्यावर त्यांनी ती फरशी दोनदा वाचली. कपाटात ठेवू दिली नाही. फाटकाशेजारच्या भिंतीत बसवून घेतली, रस्त्याच्या बाजूला. आता संध्याकाळी ते तिथंच खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याची चाल जरा मंदावली, की मान वळवून मला हळूच विचारतात, "थांबलं व्हय कुणी?"