विस्वाल्दिसचं बारसं

काल आमच्या आत्याने साठीच्या माणसाचं बारसं केलं. इथे, बेसिंगस्टोकमध्ये... आणि मी शुद्धीवर आहे!

झालं असं... आमचा शेजारी विझ मूळचा लात्वियाचा, इथे बस चालवतो. गेल्या आठवड्यात फेन्सवरून म्हणाला, "संडेला माझा नेम डे, दार उघडं असेल." मी कॉलवर होते, आत्याला घाईघाईत सांगितलं, "विझकडे नाव ठेवायचा कार्यक्रम आहे गं."

झालं! सांगलीहून राहायला आलेल्या आत्याला आयतंच काम मिळालं. त्याला नातू झाला असं तिने परस्पर ठरवून टाकलं. क्रोशाचं टोपडं विणलं, घुगऱ्या केल्या... बारसं म्हटल्यावर आत्या हवीच ना!

गेलो तर बाळ नाही, पाळणा नाही. टेबलावर हा मोठा केक, मांडलेले कप, रिकाम्या खुर्च्या... आणि इस्त्रीच्या शर्टात विझ एकटाच. आत्याने टोपडं हळूच पर्समध्ये कोंबलं.

मग त्याच्याकडूनच कळलं. त्यांच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक नावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी बोलावणं करायचं नसतं, ज्याला नाव लक्षात असेल तो आपणहून येतो. पण इथे सगळ्यांना माहीत फक्त 'विझ'... खरं नाव कुणाला उच्चारताच येत नाही. "पुढच्या वर्षीपासून हे बंद," असं तो हसत म्हणाला खरा, पण मला फार वाईट वाटलं हो.

आत्याने खुर्ची ओढली. "पूर्ण नाव काय म्हणावं याचं?"

विस्वाल्दिस. 'विस' म्हणजे सगळं, 'वाल्दीत' म्हणजे राज्य करणं. सगळ्यांवर राज्य करणारा! जुन्या काळच्या राजाचं नाव, आजोबांनी हौसेने ठेवलेलं.

"अगं, विस म्हणजे आपलं विश्वच की! हा तर विश्वेश!" आत्या ओरडली. (रात्री गूगल केलं... बाईसाहेब बरोबर होत्या. दोन्ही शब्द एकाच मुळातले.)

मग तिने पदर खोचला. मला म्हणाली, "बघतेस काय, घाल बुक्के माझ्या पाठीत!" आणि वाकून त्याच्या कानात... "विस्वाल्दिस... कुर्रर्र!" 'ल्दि'ला अडखळली, म्हणून परत म्हणाली.

तो आधी दचकला, मग मोठ्याने हसला... आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. आई गेल्यापासून त्याचं पूर्ण नाव कुणी घेतलंच नव्हतं म्हणे. मलाही भरून आलं, बुक्के तसेच राहिले.

आज सकाळी तो ड्युटीला निघाला होता. मी सवयीने हात हलवून म्हटलं, "मॉर्निंग, विझ!"

आतून आत्या कडाडली, "पूर्ण म्हण!"

म्हटलं बाई... दोनदा म्हटलं. असा खुलला माणूस, की माझा सोमवारसुद्धा मस्त गेला.