साहेबांच्या हृदयाचं उद्घाटन

माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. आमच्या धसई गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर प्रत्येकाचं मतही होतं. चुलती म्हणायची, "हिचा लगीन कोन करील गो?" मी चौथीत होते. डॉक्टरांचं सांगणं साधं होतं: भोक लहान होतंय की मोठं, हृदयावर ताण येतोय का, हे अधूनमधून सोनोग्राफीसारख्या मशीनवर बघत राहायचं. सुई नाही, कापाकापी नाही. फक्त मशीन ठाण्याला होतं आणि आम्ही धसईला.

मग एकदा शहापुरात लहान मुलांसाठी फुकट हृदयतपासणी शिबिर भरलं. मुंबईहून मशीन आलं, डॉक्टरीणबाई आल्या. आम्ही सकाळीच एसटीने पोचलो. पण पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नव्हतं, आणि पुढारी उगवले दुपारी. माझ्या शेजारी एक बाळ होतं. रडलं की त्याचे ओठ जांभळे पडायचे. भाषणात आम्हाला 'देशाचं भविष्य' म्हटलं गेलं. भविष्याला पाणी कुणी विचारलं नाही.

भाषण संपल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, तुम्हीच झोपा ना टेबलावर. फोटो झकास येईल."

साहेबांनी सदरा काढला. टेबल कुरकुरलं. बाईंनी थंडगार जेल लावून छातीवर मशीनचं टोक फिरवलं.

"दिसलं का वाघाचं काळीज?" एक कार्यकर्ता ओरडला. सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. "साहेब, ब्लडप्रेशरची गोळी घेता?"

"मला काय धाड भरलीय?"

"हृदयाची भिंत जाड झालीय. प्रेशर बरंच जुनं असणार."

साहेब पांढरेफटक पडले. उलटा सदरा घालून गाडीत बसले. त्यांच्यामागे कार्यकर्ते, हारवाले आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गाड्या मुंबईकडे सुटल्या.

"बरा झाला, गर्दी हटली," आई म्हणाली. नंबर आमचा होता, पण तिने शेजारच्या बाळाकडे बोट दाखवलं. "बाय, पयला त्याला घ्या. ओठ बघा त्याचे."

बाईंनी मशीन लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "याला आजच्या आज मुंबईला न्या."

न्यायला गाडी कुठे होती? शेवटी सगळ्यांची तपासणी आटोपल्यावर मुंबईला परतणाऱ्या मशीनच्या टेंपोत, मशीनशेजारीच, बाळ आणि त्याची आई बसली. त्याआधी माझंही झालं. पडद्यावर लाल-निळं रक्त उसळत होतं. बाई म्हणाल्या, "भोक लहान होतंय. येत राहा." दहावीपर्यंत ते आपोआप बुजलं.

पेपरात बातमी आली: बालकांसाठी अहोरात्र झटल्याने साहेबांची प्रकृती बिघडली. सोबत टेबलावरचा फोटो. आम्हा मुलांपैकी त्यात कुणीच नव्हतं.

बाळाचं ऑपरेशन झालं. पुढे ठाण्याला तपासणीला गेले की कधीकधी ते भेटायचं. दवाखानाभर धावत सुटायचं आणि त्याची आई मागून ओरडत पळायची, "थांब रे मेल्या, माझाच दम गेला!"